डेंग्यू, डास आणि आपली इम्युनिटी: मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात राहते आणि डासांमधून पसरणाऱ्या व्हायरसवर काम करते, मुख्यतः डेंग्यू, आणि त्यातही व्हायरसपेक्षा जास्त वेळ आपलं शरीर त्याच्याशी कसं वागतं यात जातो. जुलै ते नोव्हेंबर माझा फोन थांबत नाही, सोसायटीतले लोक, मामेबहिणी, बीएस्सीची पोरं, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. एक आधीच सांगते, मी पीएचडीवाली डॉक्टर, औषध देणारी नाही. रिपोर्टचे फोटो पाठवलेत तर "तुमच्या डॉक्टरांना दाखवा" एवढंच उत्तर येईल.

तुम्ही दिवसभर नक्की करता काय? डास मोजता?

हसू नका, मोजतेच. आमच्याकडे डासांची खोली आहे, २७-२८ डिग्री आणि दमट, पावसाळ्यात बंद खिडकीच्या एसटीत बसल्यासारखी. तिथे एडिस इजिप्ती, म्हणजे डेंग्यू पसरवणारे डास, वाढवतो. मादी काळ्या वाटीतल्या ओल्या फिल्टर पेपरवर अंडी घालते, मिरीची पूड चिकटल्यासारखी दिसतात, तो कागद वाळवून डब्यात ठेवायचा आणि लागेल तेव्हा पाण्यात टाकायचा. अळ्यांना कुत्र्याच्या बिस्किटांची पूड आणि यीस्ट, मोठ्या डासांना ग्लुकोजच्या पाण्यात भिजवलेला कापूस. माद्यांना रक्त लागतं, ते कोमट करून पातळ ताणलेल्या पडद्याआडून देतो, त्या बिचाऱ्या त्याला कातडी समजून सोंड खुपसतात. इन्फेक्शनचं काम वेगळ्या खोलीत, दोन दोन दारांच्या आत. साध्या खोलीतली एखादी सुटली तरी आम्ही चौघं पीएचडी झालेले लोक रॅकेट घेऊन तिच्यामागे धावतो, ते बघण्यासारखं असतं.

उरलेला दिवस पेशींमध्ये जातो. माकडाच्या किडनीच्या व्हेरो पेशी प्लेटमध्ये चादरीसारख्या पसरायच्या, त्यावर व्हायरस सोडायचा, पाच-सात दिवसांनी जांभळा रंग ओतायचा. जिथे व्हायरसने पेशी मारल्या तिथे पांढरी भोकं दिसतात, ती मोजायची. त्याच व्हायरसमध्ये आधी पेशंटचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी, मिसळलं आणि भोकं कमी झाली तर त्या सीरममधल्या अँटिबॉडी, म्हणजे व्हायरसला चिकटणारी शरीराची प्रोटीन, कामाच्या. अर्धी भोकं गायब व्हायला सीरम किती पातळ केलं तरी चालतं, हा आकडा म्हणजे आमची भाजी-भाकरी.

हे काम भारतात होतं का, की सगळं अमेरिकेतून येतं?

हा प्रश्न पुण्यातल्या माणसाने विचारला की मला राग येतो. १९५२ साली अमेरिकेतलं रॉकफेलर फाउंडेशन आणि आयसीएमआर, म्हणजे आपली वैद्यकीय संशोधन परिषद, यांनी मिळून पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर काढलं, १९७८ पासून ज्याला आपण एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्था, म्हणतो ते. तिथे १९६७ मध्ये के. आर. पी. सिंह यांनी एडिस अल्बोपिक्टस डासाच्या अळ्यांपासून पेशींची लाइन तयार केली, म्हणजे बाटलीत वर्षानुवर्षं वाढत राहणाऱ्या डासाच्या पेशी. पुढे १९७८ ला इगाराशी नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने त्यातूनच सी६/३६ नावाचा क्लोन वेगळा काढला. आज जगात कुठल्याही डेंग्यूच्या लॅबमध्ये जा, इन्क्युबेटर उघडा, २८ डिग्रीला या पेशी बसलेल्या असतात. मूळ पुण्याच्या. पाटी मात्र कुठे नाही.

डासाला डेंग्यू होत नाही का? तो आजारी कसा पडत नाही?

होतो, पण तो निभावून नेतो. रक्तातून व्हायरस आधी डासाच्या आतड्यात जातो, तिथून बाहेर पडून अंगभर आणि शेवटी लाळेच्या ग्रंथीत, याला साधारण ८ ते १२ दिवस लागतात. म्हणजे आज डेंग्यूच्या पेशंटला चावलेला डास उद्याच तुम्हाला डेंग्यू देत नाही, पण एकदा लाळेत व्हायरस आला की मरेपर्यंत तो देत राहतो.

डासाकडे अँटिबॉडी नसतात. त्याची पद्धत वेगळी, व्हायरसचा आरएनए, म्हणजे त्याची जनुकांची चिठ्ठी, दिसला की त्याचे २१-२१ अक्षरांचे तुकडे करायचे आणि ते तुकडे नमुना म्हणून धरून तसा आरएनए दिसेल तिथे कापत सुटायचं. व्हायरस पूर्ण जात नाही पण डोक्यावरही बसत नाही. गंमत म्हणजे वर सांगितलेल्या सी६/३६ पेशींमध्ये कापणारी ही कात्रीच बिघडलेली आहे, म्हणून तर व्हायरस त्यांच्यात एवढा भरभरून वाढतो. हे २०१० ला कळलं, तोवर लोक तीस वर्षं खुशीत त्या वापरत होते.

डेंग्यू एकदा झाला की परत होत नाही ना?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि याच्यावरच माझं पोट चालतं.

डेंग्यू म्हणजे एक व्हायरस नाही, चार आहेत, टाइप १ ते ४. सख्खे भाऊ म्हणा, चेहरेपट्टी सारखी पण माणसं वेगळी. टाइप २ झाला तर टाइप २ पुन्हा सहसा होत नाही. बाकीच्या तिघांपासून संरक्षण मिळतं ते थोडेच महिने. हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अल्बर्ट सेबिन, तेच ते पोलिओच्या डोसवाले, यांनी स्वयंसेवकांना मुद्दाम इन्फेक्शन देऊन दाखवलं होतं, आजच्या काळात तसा प्रयोग सहजासहजी पास होणार नाही. तेव्हा हिशेबाने चार वेळा डेंग्यू होऊ शकतो.

आणि दुसऱ्या वेळी तो जास्त वाईट होण्याची शक्यता वाढते. कमी नाही, वाढते. इथे लोक माझ्याकडे संशयाने बघायला लागतात.

दुसऱ्यांदा जास्त का? एकदा झाल्यावर इम्युनिटी तयार होते ना?

होते, पण ती अर्धवट ओळखीची असते. मी हे असं सांगते, लग्नाच्या हॉलच्या दारात एक अनोळखी माणूस घुटमळतोय, आत जायची त्याची हिंमत होत नाहीये. दारात बसलेल्या मंडळींना तो पक्का माहीत असता की हा मागच्या लग्नात पाकिटं मारून गेलेला, तर चौघांनी मिळून बाहेर काढला असता. पण तिथे एक आजोबा आहेत ज्यांना तो नुसता ओळखीचा वाटतो. "अरे तू वसंताचा ना?" करत ते त्याचा हात धरतात आणि थेट पंगतीत नेऊन बसवतात, वर आग्रह करून जिलेबी वाढायला लावतात.

आजोबा म्हणजे पहिल्या डेंग्यूच्या अँटिबॉडी. दुसऱ्या टाइपला त्या चिकटतात पण निकामी करण्याइतक्या घट्ट नाही. आणि अँटिबॉडीची शेपटी पकडून आत ओढून घेणारे हात आपल्या मॅक्रोफेज नावाच्या पेशींवर असतातच, एरवी पकडलेला कचरा गिळायला. डेंग्यूच्या व्हायरसला नेमक्या याच पेशींमध्ये वाढायचं असतं! म्हणजे ज्या पेशीत तो स्वतःहून मुश्किलीने शिरला असता तिथे आपलेच लोक त्याला हाताला धरून सोडतात, आणि पंगतीत बसला की तो एकाचे हजार होतो.

याला अँटिबॉडीमुळे होणारी वाढ म्हणतात, इंग्रजी आद्याक्षरांनी एडीई. स्कॉट हॉलस्टेड नावाच्या अमेरिकन डॉक्टरने थायलंडमधली आजारी मुलं बघून ही कल्पना मांडली आणि पुढे आयुष्यभर तिच्यासाठी भांडत राहिला, कारण अँटिबॉडी वाईट असू शकते हे बऱ्याच लोकांना ऐकवतच नव्हतं.

ही नुसती थिअरी आहे की पुरावा?

पुरावा आहे, आणि तीन वेगवेगळ्या दिशांनी आलेला.

पहिला क्युबा. तिथे १९७७ ला टाइप १ आला, भरपूर लोकांना झाला, बहुतेकांना सौम्य. चार वर्षांनी १९८१ ला टाइप २ आला आणि हाहाकार झाला, ३ लाख ४४ हजारांवर केसेस, १५८ मृत्यू, त्यातली १०१ लहान मुलं. मग बराच काळ शांत. १९९७ ला सांतियागो दे क्युबा शहरात पुन्हा टाइप २ उगवला, आणि या वेळी गंभीर झाली ती जवळजवळ सगळी मोठी माणसं, ज्यांना वीस वर्षांपूर्वी टाइप १ होऊन गेला होता. त्यानंतर जन्मलेल्या, आधी काहीच न झालेल्या पोरांना तसा त्रास झाला नाही. बेट असल्यामुळे कोणाला कधी काय झालं याचा हिशेब स्वच्छ लागला आणि मारिया ग्वाडालूपे गुझमान यांच्या टीमने तो नीट मांडला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा एमएस्सीला होते आणि रात्री झोप लागली नव्हती, अतिशयोक्ती नाही.

दुसरा पुरावा तान्ही बाळं. सहा ते नऊ महिन्यांच्या बाळाला आयुष्यातला पहिलाच डेंग्यू होतो आणि तरी तो गंभीर होतो, असं कसं? कारण आईच्या अँटिबॉडी नाळेतून आलेल्या असतात. जन्मल्यावर त्या भरपूर म्हणून बाळ सुरक्षित, मग हळूहळू उतरतात आणि सहाव्या-सातव्या महिन्यात नेमक्या त्या अडनिड्या पातळीवर येतात, संरक्षणाला कमी आणि हात धरून आत न्यायला पुरेशा. वर्षाच्या पुढे त्याही संपतात, धोका परत खाली.

तिसरा निकाराग्वा. मानाग्वा शहरात २००४ पासून मुलांचं दरवर्षी रक्त घेऊन ठेवतायत. २०१७ ला त्याचा निकाल आला की ज्या मुलांच्या अँटिबॉडी मधल्या एका ठरावीक पट्ट्यात होत्या त्यांना गंभीर डेंग्यूचा धोका अजिबात अँटिबॉडी नसलेल्यांच्या साधारण साडेसात पट. ज्यांच्याकडे भरपूर होत्या त्यांना धोका नाही. म्हणून कोणी मला "अँटिबॉडी आहेत का" विचारलं की मी उलट विचारते, किती, कुठल्या टाइपच्या आणि कधीच्या?

हे डोळ्यांनी दिसतं का तुमच्या लॅबमध्ये?

हो, आणि फार सुंदर दिसतं. सीरम घ्यायचं, ५६ डिग्रीला अर्धा तास ठेवायचं, मग पातळ करत जायचं, एकाला दहा, एकाला चाळीस, असं पार हजारांपर्यंत. प्रत्येकात सारखाच व्हायरस घालायचा आणि ते के५६२ नावाच्या पेशींवर सोडायचं, यांच्यावर ते ओढून घेणारे हात असतात पण एरवी डेंग्यू त्यांच्यात फारसा शिरत नाही. घट्ट सीरममध्ये इन्फेक्शन शून्य. पातळ करत गेलं की आलेख वर चढायला लागतो, एका जागी टेकडीचं टोक येतं, आणि अजून पातळ केलं की परत खाली. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा सर शेजारी उभे होते, मला वाटलं पिपेटिंग चुकलं, म्हणून गुपचूप परत केलं, परत टेकडी. तिसऱ्यांदा करायला घेतलं तेव्हा सर म्हणाले, "अगं बाई, तेच तर बघायचंय."

मग प्रत्येकाला दुसऱ्यांदा गंभीरच होतो का? मी घाबरू का?

नाही. दुसऱ्यांदा झालेल्यांमधलेही बहुतेक लोक आठवड्या-दोन आठवड्यांत उठून कामाला लागतात. शक्यता वाढते याचा अर्थ होणारच असा नाही. घाबरू नका, फक्त आधी डेंग्यू होऊन गेला असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा, न विचारता सांगा.

इम्युनिटी वाढवायला काय खाऊ?

गिलोय, काढा, च्यवनप्राश, व्हिटॅमिन सी, सगळ्यांची नावं घेऊन झालीत मला. खा हवं ते, पण डेंग्यूमध्ये अडचण इम्युनिटी कमी पडण्याची नसते बहुतेकदा, ती चुकीच्या वेळी चुकीच्या जागी जोर लावते ही असते. गंभीर डेंग्यूमध्ये जे होतं त्यातलं बरंचसं आपल्याच पेशींनी सोडलेल्या रसायनांचं काम असतं, त्यामुळे "वाढवणे" हा शब्दच मला पटत नाही.

खरी पहिली फळी म्हणजे इंटरफेरॉन, १९५७ ला सापडलेलं. पेशीत व्हायरस शिरला की ती शेजारच्या पेशींना सांगावा धाडते, त्या दारं लावून घेतात. डेंग्यूचं एनएस५ नावाचं प्रोटीन हा सांगावा पोचवणाऱ्या स्टॅट२ नावाच्या प्रोटीनला सरळ पेशीच्या कचराकुंडीत पाठवतं. निरोप आला पण घरात वाचणाराच नाही. १० हजार ७०० अक्षरांचा जीनोम आणि जेमतेम दहा प्रोटीन, तेवढ्यात एवढं डोकं.

आता यातला एक तिढा. डेंग्यूला माणसाचं स्टॅट२ मोडता येतं, उंदराचं येत नाही. म्हणून साध्या उंदराला डेंग्यू नीट होतच नाही, आणि आम्हाला इंटरफेरॉनचा सिग्नलच काढून टाकलेले उंदीर वापरावे लागतात. म्हणजे इम्युनिटीचा अभ्यास करायचा आणि तोही अर्धी इम्युनिटी कापलेल्या प्राण्यात! "उंदरांमध्ये डेंग्यूचं औषध सापडलं" अशी बातमी आली की मी आधी कुठले उंदीर ते बघते.

प्लेटलेट्स ४० हजारांवर आल्यात, पपईच्या पानांचा रस देऊ का?

औषधाचं डॉक्टर सांगतील, मी फक्त काय चाललेलं असतं ते सांगते. सगळं घर प्लेटलेटच्या आकड्याकडे डोळे लावून बसतं, क्रिकेटच्या स्कोअरसारखं, पण डेंग्यूत जीवाला खरा धोका असतो तो रक्तवाहिन्या झिरपण्याचा. व्हायरसचं एनएस१ हे प्रोटीन रक्तात फिरतं आणि रक्तवाहिन्यांच्या आतला जो बुळबुळीत थर असतो तो खरवडतं, त्यात आपल्याच पेशींची रसायनं भर घालतात, मग रक्तातलं पाणी पोटात, छातीत गळतं आणि मागे उरलेलं रक्त घट्ट होतं. डॉक्टर म्हणूनच हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा किती, ते बघतात आणि सलाइनचा हिशेब काटेकोर ठेवतात, कमीही नको, जास्तही नको. पपईने, किवीने किंवा बकरीच्या दुधाने ती गळती थांबत नाही.

नुसता आकडा कमी म्हणून आधीच प्लेटलेट चढवून फायदा होतो का, हे सिंगापूर आणि मलेशियात नीट ट्रायल करून बघितलं, २०१७ ला निकाल आला, रक्तस्राव काही कमी झाला नाही. तरी आपल्याकडे रात्री बाराला "ताबडतोब प्लेटलेट डोनर हवा" चे मेसेज फिरतातच. रक्तस्राव होत असेल तर गोष्ट वेगळी, तो निर्णय डॉक्टरांचा. तापाला पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन-आयब्युप्रोफेन नको, एवढं मात्र कोणीही पाठ करून ठेवावं.

ताप उतरला म्हणजे सुटलो ना?

उलट, तेव्हाच नीट लक्ष ठेवा. तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो आणि झिरपणं सुरू होणार असेल तर नेमकं त्याच सुमारास होतं, २४ ते ४८ तास. पोटात जोरात दुखणं, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त, पेशंट एकदम मलूल किंवा उगाच कासावीस, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. व्हायरस तर या वेळी रक्तातून कमी व्हायला लागलेला असतो. चोर पळून गेलाय आणि आपलीच माणसं अंधारात एकमेकांना काठ्या मारतायत असा प्रकार.

रिपोर्टमध्ये एनएस१ निगेटिव्ह, आयजीजी पॉझिटिव्ह. म्हणजे काय?

ढोबळमानाने, एनएस१ पहिल्या दिवसापासून साधारण पाचव्या दिवसापर्यंत सापडतं. आयजीएम आणि आयजीजी या दोन प्रकारच्या अँटिबॉडी, पहिली ताज्या इन्फेक्शनची, दुसरी दीर्घकाळ टिकणारी. आयजीएम पाचव्या दिवसाच्या आसपास दिसायला लागतं. नुसतं आयजीजी म्हणजे पूर्वी कधीतरी होऊन गेलेला असू शकतो. आणि तापाच्या पहिल्याच दिवसांत आयजीजी खूप वर असेल तर हा दुसरा डेंग्यू असण्याचा संशय घ्यायचा. अजून एक घोळ, या टेस्ट आयजीजीच्या बाबतीत भावकीत फरक करत नाहीत, जपानी मेंदूज्वर किंवा झिका होऊन गेला असेल तरी डेंग्यूची रेघ उमटू शकते. चौघांपैकी कुठला टाइप हे या किटवर कळतच नाही, त्याला पीसीआर, म्हणजे व्हायरसचा आरएनए शोधणारी टेस्ट, लागते.

एवढं सगळं माहितीय तर चांगली लस करणं एवढं अवघड का?

कारण चारही टाइपना एकदम आणि सारखी भक्कम इम्युनिटी द्यायला हवी, तीनला दिली आणि चौथ्याला अर्धवट राहिली तर तुम्ही स्वतःच आजोबा दारात बसवलेत.

हे झालंय प्रत्यक्षात. डेंगव्हॅक्सिया नावाची लस डिसेंबर २०१५ ला आली, २०१६ पासून फिलिपिन्समध्ये ८ लाखांहून जास्त शाळकरी मुलांना दिली गेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीनेच जाहीर केलं की ज्यांना आधी कधी डेंग्यू झाला नव्हता त्यांच्यात लस घेतल्यावर गंभीर डेंग्यूची शक्यता वाढते. म्हणजे त्या मुलांसाठी लस हाच "पहिला डेंग्यू" ठरला. कार्यक्रम थांबला, कोर्टात केसेस झाल्या, आणि सगळ्यात वाईट म्हणजे आईबापांचा बाकीच्या लसींवरचा पण विश्वास उडाला. हॉलस्टेड आधीपासून धोक्याची घंटा वाजवत होते. माझ्या मते डेंग्यूच्या संशोधनातला हा सगळ्यात महागडा धडा, आणि त्याची किंमत मोजली ती मुलांनी.

आता आपल्याकडे डेंगीऑल नावाच्या एका डोसच्या लसीची तिसऱ्या टप्प्याची ट्रायल ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाली, पॅनेशिया बायोटेक आणि आयसीएमआर मिळून, १९ ठिकाणी, १० हजार ३३५ प्रौढ लोक. लस अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी संशोधन संस्थेच्या मूळ व्हायरसवर बेतलेली आहे, चारही टाइप जिवंत पण लुळे केलेले. अशा ट्रायलमध्ये लोकांवर दोन वर्षं तरी लक्ष ठेवावं लागतं, कारण लगेच किती अँटिबॉडी आल्या यापेक्षा त्या उतरल्यावर काय होतं हे इथे जास्त महत्त्वाचं. "लवकर द्या ना" म्हणणाऱ्यांनी फिलिपिन्स आठवावं.

चिकुनगुन्याचं पण असंच असतं का?

नाही, त्याचा एकच टाइप, एकदा झाला की बहुधा जन्माची सुटका. फक्त सांधे जन्माची आठवण ठेवतात. शब्दच टांझानियातल्या माकोंडे भाषेतला, दुखण्याने वाकवून टाकणारा अशा अर्थाचा.

महाराष्ट्राला हा नवा नाही. १९७३ ला बार्शीत मोठी साथ आली होती, गावात शंभरातल्या ३७-३८ जणांना झाला. त्यानंतर तीसेक वर्षं तो भारतातून जवळजवळ गायब, आणि २००५ च्या अखेरीला परतला तो एकदम, २००६ मध्ये देशात १३ लाखांहून जास्त संशयित केसेस. परतलेला व्हायरस वेगळ्या, आफ्रिकन घराण्यातला होता. त्याच सुमारास रियुनियन बेटावर त्याच्या प्रोटीनमध्ये २२६ व्या जागेवरचं एकच अमिनो आम्ल बदललं आणि तो एडिस अल्बोपिक्टस डासात जास्त सहज वाढायला लागला, तो डास तिथे भरपूर, बेटावरच्या तिघांपैकी एकाला झाला. केरळात २००७ ला हाच बदल दिसला.

सांधे महिनोन्‌महिने का दुखतात? जिवंत व्हायरस तर कधीच गेलेला असतो. सांध्यात मॅक्रोफेज आणि टी पेशी ठाण मांडून बसतात, सूज चालू राहते, व्हायरसचे अवशेष तिथे रेंगाळत असावेत असं बऱ्याच जणांना वाटतं. माझी आत्या २००६ पासून सकाळी जिन्याचा कठडा धरून उतरते, तिला मी हे सगळं समजावलं, ती म्हणाली "बरं, मग तेल कुठलं लावू?"

झिका पुण्यात आला होता ना? डेंग्यूचा नातेवाईकच ना तो?

चुलतभाऊ. महाराष्ट्रातली पहिली नोंद जुलै २०२१, पुरंदर तालुक्यातलं बेलसर. मग २०२४ च्या पावसाळ्यात पुणे शहरात, एरंडवण्यापासून सुरुवात होऊन केसेस निघाल्या. मोठ्यांना बहुधा साधा ताप-पुरळ, भीती गरोदर बायकांसाठी, बाळाच्या मेंदूच्या वाढीला धोका असतो म्हणून.

इम्युनिटीच्या बाजूने बघितलं तर इथे मजेशीर उलटापालट आहे. आधी डेंग्यू झालेल्या मुलांना झिकाचा त्रास कमी झाला असं निकाराग्वात दिसलं. पण आधी झिका झालेल्यांना नंतर डेंग्यू टाइप २ जास्त त्रासदायक झाला, हेही तिथूनच, २०२० ला. त्याच आजोबांनी एकदा बरोबर ओळखलं, एकदा चुकले.

मलाच डास जास्त का चावतात?

वास. अंगावरच्या बॅक्टेरियांमुळे प्रत्येकाचा वास वेगळा. आणि २०२२ ला चिनी शास्त्रज्ञांनी दाखवलं की डेंग्यू-झिका झालेल्या उंदरांच्या कातडीवरचे बॅक्टेरिया ॲसिटोफेनोन नावाचं वासाचं रसायन जास्त सोडतात आणि डास तिकडे ओढले जातात, पेशंटच्या अंगावर पण ते जास्त सापडलं. व्हायरस स्वतःच रिक्षा बोलावतो म्हणा. म्हणून तापात दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपवा, तुमच्यासाठी नाही, घरातल्या बाकीच्यांसाठी.

धूरफवारणी झाली, आता बरं ना?

धुराने उडणारे डास मरतात, तेही सगळे नाही. अंडी तशीच राहतात. एडिस पाण्यात नाही, पाण्याच्या वर भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवते आणि ती कोरडी काही महिने टिकतात. त्यामुळे पिंप नुसतं उपडं करून भागत नाही, काथ्याने घासा. कुंडीखालची बशी, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचं टायर, कूलर. आमच्या सोसायटीत एकदा सगळीकडे शोधून झाल्यावर अळ्या निघाल्या त्या देवळातल्या कोनाड्यातल्या, कोणी न वापरणाऱ्या तांब्यात.

वोल्बाकिया नावाचा बॅक्टेरिया डासात घालून सोडण्याचा प्रयोग पण आहे, इंडोनेशियात योग्यकर्ता शहरात त्याने डेंग्यू ७७ टक्के कमी झाला. आपल्याकडे पुद्दुचेरीच्या आयसीएमआरच्या केंद्रात असे डास तयार केलेत. पण तोवर काथ्या.

तुम्हाला स्वतःला झालाय का डेंग्यू?

झालाय, २०१७ ला, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी एनएस१ करून, निगेटिव्ह आला म्हणून मला "साधा व्हायरल आहे" सांगून घरी पाठवलं होतं. कुठे ते सांगत नाही. मी पण तापात एवढी बावळट झाले होते की उशिरा एनएस१ सापडत नाही हे मलाच आठवलं नाही, जे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवते. बरी झाल्यावर काही महिन्यांनी लॅबमध्ये रीतसर परवानगी घेऊन रक्त दिलं आणि भोकं मोजली, टाइप २ निघाला. म्हणजे माझे तीन बाकी आहेत, आणि आता एवढ्या वर्षांनी माझ्या अँटिबॉडी त्या टेकडीच्या कुठल्या बाजूला असतील हे मी मुद्दाम मोजलेलं नाही. सकाळी फिरायला जाताना पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मोजे घालते, मेमध्ये सुद्धा, वॉचमन काका रोज विचारतात मॅडम थंडी वाजते का.